ऊसतोड बायकांच्या मुलाखती: माझ्या थीम माझ्याच प्रश्नांसारख्या का दिसतायत?

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी. सार्वजनिक आरोग्यात पदव्युत्तर अभ्यास करतेय. प्रबंधाचा विषय बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचा अनुभव: हंगामात शरीर कसं सांभाळतात, दुखणं आलं तर काय करतात, पिशवी काढायचा निर्णय कसा होतो.

हा विषय का घेतला तेही सांगते. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती नेमली होती. त्या वेळी बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. शंभरात जवळपास सतरा. तो आकडा वाचल्यापासून डोक्यातून गेला नाही. किती जणींची काढली ते कळलं, पण ते त्यांच्या आयुष्यात कसं घडलं ते आकड्यातून कळत नव्हतं.

मे-जूनमध्ये बाया गावी परतल्यावर चौदा मुलाखती घेतल्या. पद्धत अर्धसंरचित, म्हणजे अकरा प्रश्नांची यादी हाताशी, पण बोलणं जाईल तिकडे जायची मोकळीक. एकेक मुलाखत पाऊण ते सव्वा तास. सगळ्या शब्दशः उतरवल्या. तासाभराच्या आवाजाला सहा-सात तास लागत होते.

मग कोड लावले, म्हणजे मजकुराच्या एकेका तुकड्याला छोटं नाव दिलं, आणि त्यांतून थीम काढल्या: १) कामाचे स्वरूप २) आरोग्याच्या समस्या ३) आर्थिक अडचणी ४) कुटुंबाची भूमिका ५) शासकीय योजनांची माहिती. मार्गदर्शकांनी पाहून एवढंच म्हटलं, "हे तर तुमच्या प्रश्नावलीचे मथळे आहेत." बरोबरच आहे त्यांचं. त्या बायांनी तासतास बसून जे सांगितलं ते या पाच मथळ्यांत कुठेच दिसत नाही. कुठे चुकलं ते समजून घ्यायचंय.

---

निळीशाई

मुलाखती उतरवल्या कुठल्या भाषेत? थेट इंग्रजीत केल्या असतील तर अर्धं उत्तर तिथेच आहे.

---

पंचगंगाकाठ

निम्म्या मराठीत. उरलेल्या वेळ वाचावा म्हणून ऐकता ऐकताच इंग्रजीत उतरवल्या.

---

निळीशाई

त्या सात परत मराठीत उतरवा. कष्टाचं आहे, पण टाळू नका. "अंगावरून जातंय" हे तुम्ही इंग्रजीत काय लिहिलं असेल? बाई पांढरं जाण्याला तेच म्हणते, रक्त जाण्याला तेच म्हणते, आणि कधी कधी नेमकं सांगायचं नसतं म्हणूनही तेच म्हणते. भाषांतर करताना तुम्ही यातलं एक निवडलंत आणि उरलेली दोन पुसली गेली. कोड मराठीत लावा. इंग्रजी करायचंच असेल तर शेवटी, प्रबंधात उतारे देताना करा आणि मूळ वाक्य सोबत ठेवा.

आवाजावरून आपोआप मजकूर करून देणाऱ्या सोयींवर या बोलीसाठी भिस्त ठेवू नका. "कामून" (का), "मपलं" (माझं), "तपलं" (तुझं) आलं की मजकुरात भलतंच काही येतं. सॉफ्टवेअर हवंच असेल तर टॅगेट आणि क्वालकोडर दोन्ही फुकट आहेत, देवनागरी चालते. चौदा मुलाखतींना कागद आणि रंगीत पेन्सिलीही पुरतात.

---

जुनीवही

ताई, तुमचा प्रश्न मला फार ओळखीचा आहे. पंचवीस वर्षं हेच काम केलंय, सविस्तर लिहिते.

व्हर्जिनिया ब्राऊन आणि व्हिक्टोरिया क्लार्क यांनी २००६ साली थीमॅटिक अ‍ॅनालिसिसच्या सहा पायऱ्या मांडल्या. मजकुरात मुरणं, कोड लावणं, कोडांमधून कच्च्या थीम बांधणं, त्या तपासणं, त्यांना नाव देणं आणि लिहिणं. सगळे विद्यार्थी या पायऱ्या पाठ करतात. पण त्याच दोघी पुढे वारंवार सांगत आल्या ते मागे पडतं: विषयाचा मथळा म्हणजे थीम नव्हे. "आरोग्याच्या समस्या" हे गाठोडं आहे. त्यात कंबरदुखी, साप चावणं, बाळंतपण, सगळं कोंबता येतं. थीम म्हणजे त्या सगळ्यातून तुम्ही केलेलं एक विधान. ते खोडता आलं पाहिजे. "आरोग्याच्या समस्या" कोणी कसं खोडणार?

दुसरी गोष्ट म्हणजे थीम मजकुरातून आपोआप "वर येत" नाहीत. तुम्ही त्या बांधता. म्हणून बांधणारी कोण हेही लिहावं लागतं. २०१९ पासून त्या दोघी आपल्या पद्धतीला रिफ्लेक्सिव्ह, म्हणजे संशोधकाने स्वतःकडेही पाहायची पद्धत, म्हणतात ते यासाठीच. तुमचं नाव पंचगंगाकाठ आहे म्हणून विचारते: तुमच्या घरी ऊस आहे का?

आणि एक उतारा टाका इथे. ओळख पटेल असं सगळं काढून. नुसत्या चर्चेपेक्षा एका उताऱ्यावर बसलो तर हाताला काहीतरी लागेल.

---

पंचगंगाकाठ

हो. घरी ऊस आहे. लहानपणापासून टोळ्या आमच्या रानात यायच्या. कोप्या, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपड्या, आमच्याच पडीक तुकड्यावर पडायच्या. आजी मला भाकरी देऊन त्यांच्या पोरांसोबत खेळायला पाठवायची. हे मी प्रबंधात कुठेच लिहिलेलं नाही. बायांना मात्र पहिल्या पाच मिनिटांत कळायचं. "कुठल्या ताई तुम्ही?" म्हणून विचारलं आणि मी तालुका सांगितला की त्या म्हणायच्या, "मग तुमच्याकडं बी टोळी असंल." त्यानंतर मुकादमाबद्दल त्या बोलायच्या, शेतमालकाबद्दल कधीच नाही. हे आत्ता लिहिताना ध्यानात येतंय.

उतारा देते. दोन मुलाखतींमधलं एकत्र करून, तपशील बदलून:

"पाळी आली तरी फडात जावंच लागतंय. मालक म्हणले बसू नको, खाडा दोघांचा पडंल. म्या बसले तर त्यांचा बी कोयता बसतोय. मग एक गोळी खाल्ली अन् गेले. समद्या म्हणत्यात पिशवी काढल्यावर बरं झालं. बरं म्हंजी काय, खाडा नाही. पण कंबर काय मपली ऱ्हायली नाही."

माझे कोड होते: "मासिक पाळी", "औषध घेणे", "शस्त्रक्रिया", "कंबरदुखी".

(ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम हंगामाआधी कोयत्याला उचल देतो, ती ऊस तोडून फेडायची. एक दिवस चुकला की खाडा, त्याचे पैसे हिशेबातून कापले जातात. वरच्या उताऱ्यात मालक म्हणजे नवरा.)

---

जुनीवही

शेतमालकाबद्दलचं मौन हीच तुमच्या प्रबंधातली सगळ्यात प्रामाणिक नोंद होईल. तारीख घालून आजच वहीत उतरवा.

आता उतारा. तुमच्या कोडांनी बाईचं वाक्य बाजूला सारून त्यावर दवाखान्याची चिठ्ठी लावली आहे. एकेक वाक्य घेऊ.

"खाडा दोघांचा पडंल." इथे पाळी हा विषयच नाही. विषय आहे एकीच्या दुखण्याचा जोडीच्या हिशेबावर पडणारा बोजा. कोड असा हवा: "एकीचं बसणं म्हणजे दोघांचा खाडा".

"एक गोळी खाल्ली अन् गेले." याला "औषध घेणे" म्हणू नका. ही गोळी बरं होण्यासाठी नाही, दिवस ढकलण्यासाठी आहे. "गोळी घेऊन दिवस ढकलला".

"बरं म्हंजी काय, खाडा नाही." हे सोनं आहे. "बरं" या शब्दाचा अर्थ बदललाय तिच्या तोंडी. बरं वाटणं म्हणजे दुखणं थांबणं असं आपण धरतो. तिच्यासाठी बरं म्हणजे कापले न गेलेले पैसे. हा कोड तिच्याच शब्दांत ठेवा, एक अक्षर बदलू नका.

"कंबर मपली ऱ्हायली नाही." कंबर दुखते असं ती म्हणत नाही. आपली राहिली नाही म्हणते. मग कुणाची झाली? हा प्रश्न तुम्ही तिथे विचारायला हवा होता. विचारलात का?

---

पंचगंगाकाठ

नाही. टेप परत ऐकली. ती हे बोलून थांबलीय, आणि मी दोन सेकंदांत पुढचा प्रश्न टाकलाय: "सरकारी दवाखान्यात कधी गेला होता का?" ऐकताना फार वाईट वाटलं.

---

जुनीवही

सगळ्यांचं होतं हे. यादीतला पुढचा प्रश्न डोक्यात वाजत असतो. म्हणून अशा अकरा प्रश्नांच्या यादीचे मी चारच प्रश्न करते. "मागच्या हंगामातला एक दिवस सांगा, पहाटे उठल्यापासून" एवढ्या एका प्रश्नावर अर्धा तास जातो. त्यात डोकी सेंटर (डोक्यावरून मोळ्या वाहून ट्रक भरायचा) की टायर सेंटर (टायरच्या बैलगाडीने ऊस न्यायचा), मोळी किती जड, ट्रक रात्री कितीला भरला, लेकरू कुणाकडे होतं, सगळं येतं, आणि ज्या क्रमाने तिला महत्त्वाचं वाटतं त्या क्रमाने येतं.

"का" हा शब्द जपून वापरा. "पिशवी का काढली?" म्हटलं की बाई स्वतःची बाजू मांडू लागते, आपण जाब विचारल्यासारखं होतं. "पिशवीचं पहिल्यांदा कोण बोललं? मग काय झालं? तेव्हा घरी कोण होतं?" असं विचारलं की ती घडलेलं सांगते. आणि ती थांबली की तुम्हीही थांबा. मनात दहा मोजा.

---

आकडेमोड

मी सांख्यिकीचा माणूस. आदरानेच विचारतो. ८२ हजारांपैकी चौदा जणींवरून काय सिद्ध होणार? आणि कोड एकटीनेच लावलेत, दुसऱ्या कुणी लावले तर तेच येतील याची खात्री काय? निदान दोघांनी कोड लावून कप्पा (दोघांचे कोड किती जुळतात ते सांगणारा आकडा) काढायला हवा ना?

---

जुनीवही

चांगले प्रश्न आहेत. चौदा जणींवरून "किती" हे सिद्ध होत नाही आणि करायचंही नाही. ते काम त्या पाहणीने केलं. खाड्याची भीती, उचल, सोबतिणींचा सल्ला आणि डॉक्टरचं बोलणं एकमेकांत अडकून निर्णय कसा होतो, ते इथून कळतं. त्यासाठी चौदा तपशीलवार मुलाखती कमी नाहीत. गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांनी २००६ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या दोन देशांतल्या साठ बायांच्या मुलाखती तपासल्या, तेव्हा पहिल्या बारामध्येच बहुतेक कोड येऊन गेले होते. पण त्या बाया बऱ्याच एकसारख्या परिस्थितीतल्या होत्या आणि प्रश्नही सगळ्यांना तेच होते, म्हणून "बारा पुरे" असा नियम मी त्यातून काढणार नाही.

कप्पाचं म्हणाल तर ज्या पद्धतीत कोडांची यादी आधी ठरलेली असते तिथे तो शोभतो. रिफ्लेक्सिव्ह पद्धतीत दोघांचं जुळलं तर दोघांचं वाचन सारखं, इतकंच कळतं. ते खोल आहे का, हे कळत नाही. दुसरी व्यक्ती हवीच, पण मतभेदासाठी. शहरातल्या दोघी मैत्रिणींनी "मासिक पाळी" हाच कोड लावला असता आणि कप्पा उत्तम आला असता.

---

आकडेमोड

शेवटचं वाक्य पटलं. मग वाचणाऱ्याने विश्वास कशावर ठेवायचा?

---

जुनीवही

तिने ठेवलेल्या मागावर. कोड कधी बदलला, का बदलला याची तारखेसह वही. थीमला छेद देणारी मुलाखत लपवली नाही ना, हे पाहा. आणि उतारे पुरेसे लांब आहेत ना, म्हणजे वाचणारा स्वतः वेगळा अर्थ लावू शकेल.

---

रात्रपाळी

मी ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे. पद्धतीतलं फार कळत नाही, पण एक काळजी आहे. या बायका तुम्हाला ऑपरेशन, गर्भपात, मारहाण असलं सगळं सांगतात. टेप बंद झाल्यावर त्या घरीच जातात. चौदांपैकी कितीजणींना आत्ता उपचाराची गरज होती? त्यांना कुठे पाठवलंत?

दुसरं म्हणजे, संमतीपत्रावर अंगठा घेतला असेल तर ते मोठ्याने वाचून दाखवलं का, आणि संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार होता का? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत ते स्पष्ट आहे. मुकादमाचा भाऊ साक्षीदार म्हणून उभा राहिलेला मी एकीकडे पाहिलाय. ती संमती नव्हे.

आणि नाव बदललं म्हणजे ओळख लपली असं समजू नका. तांड्यावर तिशीच्या आत पिशवी काढलेली, जुळी मुलं असलेली बाई एकच असते.

---

पंचगंगाकाठ

रात्रपाळी, तुमचं वाचून दोनदा उठून बसले. साक्षीदार अंगणवाडी सेविका होती, संमतीपत्र वाचून दाखवलं होतं. पण उपचारांचं मी काहीच ठरवलेलं नव्हतं. दोघींना आत्ताही त्रास आहे. परवा त्यांच्याशी बोलले, त्यांची तयारी आहे. गावातल्या आशाताईंना सोबत घेऊन तपासणीचा दिवस ठरवतेय. जुळ्यांचा उल्लेख काढून टाकला. (खरंच होता.)

---

बालाघाट

मी बहुतेक वेळा नुसताच वाचतो इथे. आज लिहावं वाटलं. माझे आईवडील अठरा हंगाम कोयता घेऊन गेले. मी पाचवीपर्यंत अर्धं वर्ष कोपीत आणि अर्धं वर्ष शाळेत.

ताई, तुमचं मनापासूनचं काम आहे हे दिसतंय, म्हणून सांगतो. या धाग्यात आत्तापर्यंत माझ्या आईसारख्या बायकांबद्दल जे आलं ते सगळं दुखण्याचं आहे. ते खरंच आहे. आईची कंबर मी पाहिलीय, तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन ती फळीवरून ट्रकात चढायची. पण माझ्या आईला तुम्ही "एक दिवस सांगा" म्हटलं असतं तर तिने आधी हे सांगितलं असतं की टोळीत तिच्याएवढी मोळी आवळून कुणाला बांधता यायची नाही. बुडख्याला कोयता कसा घालायचा हे तिने नव्या सुनांना शिकवलं. वाढं (उसाचे शेंडे) विकून आलेल्या पैशात तिने माझी दहावीची फी भरली, वडिलांना न सांगता. ती हे सांगताना हसते. तुमच्या चौदा जणींपैकी कुणीच असं काही बोललं नाही?

बोललं नसेल तर मला वाटतं तुमचे प्रश्न तसे होते. बोललं असेल आणि तुम्ही कोड लावला नसेल तर ते जास्त लागेल मला.

दुसरं. माझी आई उचलीबद्दल वडील समोर असताना चकार शब्द काढत नसे. तुमच्या मुलाखतीत घरातलं कोण बसलेलं होतं?

---

शेवगा

बालाघाट, मनापासून धन्यवाद. हा प्रतिसाद प्रबंधात जायला हवा.

---

पंचगंगाकाठ

दोन दिवस सगळे उतारे परत वाचले. बालाघाट, बोलल्या आहेत. सहाजणी बोलल्या आहेत. एकीने दीड पान सांगितलंय की बैल अडला तेव्हा तिने एकटीने गाडी कशी बाहेर काढली. मी तिथे समासात लिहिलंय: "विषयांतर". माझ्याच अक्षरात. मला फार लाज वाटली, आणि तुम्ही इथे लिहिलंत त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे.

नवरा किंवा सासू पाच मुलाखतींना होती. त्या पाचांतून उचलीचे आकडे नीटनेटके आले, आणि पिशवीबद्दल "डॉक्टरनं सांगितलं" एवढंच. एकटीने घेतलेल्यांत डॉक्टरच्या आधी जाऊबाई येते, टोळीतल्या बाया येतात, मुकादमाची बायको येते. म्हणजे कोण समोर बसलंय त्यावर कहाणीची सुरुवातच बदलते. आता हे मर्यादांच्या प्रकरणात ढकलायचं नाही, निष्कर्षातच घ्यायचं ठरवलंय.

नव्या कच्च्या थीम तीन:

एक, "बरं म्हंजी खाडा नाही": दुखणं आणि बरं होणं दोन्ही कामाच्या दिवसांत मोजलं जातं. पिशवीचा निर्णय आजारपणाचा कमी आणि हिशेबाचा जास्त.

दोन, "माझा कोयता चालतो": कसबाचा अभिमान. याच अभिमानापायी बाई दुखणं शेवटपर्यंत झाकते. ही पहिल्या थीमला जोडूनही आहे आणि तिच्याविरुद्धही जाते, आणि मला ती तशीच ठेवायचीय.

तीन, "अर्धा कोयता": बाईचं शरीर हे जोडीच्या कर्जाचा अर्धा भाग. ते एकटं आजारी पडूच शकत नाही.

छेद देणारी एक मुलाखत आहे. एकीने पिशवी काढायला नकार दिला, नवऱ्यानेही साथ दिली, आणि त्या हंगामात पंधरा दिवसांचे खाडे सोसले. तिच्यासाठी वेगळा विभाग ठेवलाय.

---

जुनीवही

किती लांब आलात! पहिली थीम पक्की आहे. तिसरीचं नाव एकदा त्या बायांनाच ऐकवा. मंजुरीसाठी नाही, त्या काय म्हणतात ते नव्याने ऐकण्यासाठी. दसरा झाला की टोळ्या निघतील, त्याआधी जाऊन या.

---

पंचगंगाकाठ

जाऊन आले. चौघी भेटल्या. या वेळी मी आधीच सांगितलं की आमच्याकडे ऊस आहे, टोळी येते, आणि शेतमालकाबद्दल काही सांगायचं असेल तर मला राग येणार नाही. एक जण बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पाणी." शेतमालकाने विहिरीवर येऊ दिलं नाही म्हणून पाळीतलं कापड चार दिवस धुता आलं नव्हतं. मागच्या वेळच्या सत्तर मिनिटांत हे कुठेच नव्हतं.

मग थीमचं नाव ऐकवलं. "अर्धा कोयता" म्हटल्याबरोबर तिघी एकदम बोलल्या. "आमचा अर्धा न्हाई ताई, पुरा हाय. अर्धा कोयता म्हंजी एकला माणूस." मला हे माहीत होतं. लहानपणापासून कानावरचा शब्द आहे. तरी सुंदर वाटला म्हणून मी तो दुसऱ्याच अर्थाने वापरला होता.

चौथी बाई तोवर काही बोलली नव्हती. ती विधवा आहे, तीन हंगाम एकटीच जाते. ती म्हणाली, "मपला हाय अर्धा. म्या बसले तर मपलाच खाडा. कुणाला विचारायचं न्हाई, कुणी बोलायचं न्हाई." आणि मग हळूच, "म्हणून तर पिशवी ऱ्हायली मपली."

या वेळी मी पुढचा प्रश्न विचारला नाही. तीच बोलत राहिली, पावणेदोन तास. ती मुलाखत आता उतरवायला बसलेय, मराठीत. तिसऱ्या थीमचं नाव खोडलंय, जागा रिकामी ठेवलीय.